पहिल्या रविवारचा पाव

बेटावरच्या वाइतोलो गावात पाव भाजणारी भट्टी एकच, आणि ती फुआतिनोची. साहजिकच महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी मेजावर जो पाव ठेवला जाई, तोही तिच्याच हातचा. शनिवारी दुपारी ती त्याच्या कडा काढायची, आतला पांढरा गाभा एकसारखा चौकोनी कापायची आणि बोराएवढे एकशेवीस तुकडे स्वच्छ फडक्यात बांधून चर्चचा कारभार पाहणाऱ्या मुख्य डीकनच्या बायकोच्या, मारेताच्या, हातात द्यायची. तो पाव घेण्याचा हक्क असलेल्या मंडळीच्या यादीत नावं नव्वद. पण प्रभूच्या मेजावर कमी पडायला नको, म्हणून तीस तुकडे जास्तीचे.

त्या नव्वद नावांत फुआतिनोचं नाव नव्हतं. एकतीस वर्षांत कधीच नव्हतं.

तिचा गुन्हा एवढाच, की ती फेरेतीबरोबर राहत होती. फेरेतीचं चर्चमध्ये लागलेलं लग्न लुसिया नावाच्या बाईशी झालं होतं. ती लग्नानंतर दोन वर्षांत ऑकलंडला कामाला म्हणून गेली ती गेलीच. पत्र नाही, फोन नाही, काही नाही. घटस्फोट मंडळी मानत नव्हती आणि लुसिया मरत नव्हती. मग फुआतिनो फेरेतीच्या घरात आली, तिला चार मुलं झाली, दोघांनी तेलाचं जुनं पिंप आडवं करून भट्टी बांधली आणि अख्ख्या गावाला पाव घातला. दर रविवारी दोघं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. पहिल्या रविवारी प्रवचन संपलं की मुख्य डीकन वागाना घसा खाकरायचा. तो खाकरला की यादीत नसलेल्यांनी उठून बाहेर जायचं, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली दोघं बसून राहत. आतून गाणं ऐकू येई. थोड्या वेळानं मारेता उरलेल्या तुकड्यांचं वाडगं घेऊन बाहेर येई आणि पलीकडे पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, परसात कोंबड्यांपुढे ओती. मेजावरचं काही चर्चमध्ये उरू द्यायचं नाही, असा जुना रिवाज होता. कोंबड्यांपुढे का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"बघ फुआ," फेरेती दर वेळी म्हणायचा, "त्या कोंबड्यांची नावं यादीत आहेत. लग्नं चर्चमध्ये लागलेली दिसतात."

"गप बस. कुणी ऐकेल."

"तो तांबडा कोंबडा तर डीकनच असणार. चाल बघ त्याची."

फुआतिनो पदराआड हसल्यासारखी तोंडावर पंखा धरून हसायची. तो हसवायचा म्हणून तिला ते झाडाखालचं बसणं सोसलं. नाहीतर आपण भाजलेला पाव आपल्यालाच चालत नाही, ही गोष्ट कुठल्याही बाईला सुखानं गिळता येण्यासारखी नाही.

दोन वर्षांपूर्वी गावात नवे पाळक आले, एलिसारा. वय चाळिशीच्या आत, परदेशातून धर्मज्ञानाची मोठी पदवी घेतलेले. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. त्यांनी बुधवारी संध्याकाळी एक वर्ग सुरू केला. यादीत असो नसो, कुणीही यावं. धर्मज्ञान हे ग्रंथालयात ठेवायची वस्तू नाही, ते स्वयंपाकघरात आलं पाहिजे, तारोच्या कंदांच्या मळ्यात आलं पाहिजे, होडीत बसलं पाहिजे, असं ते म्हणायचे. बोलायला लागले की चेहरा उजळायचा. फुआतिनो एकही बुधवार चुकवत नसे.

एकदा ते थेट तिच्या भट्टीपाशी वही घेऊन आले. ती कणीक तिंबत होती.

"फुआतिनोबाई, तुम्ही जे करताय ना, तेच खरं धर्मज्ञान आहे," ते म्हणाले. "आम्ही पुस्तकं लिहितो, तुम्ही पाव करता. मी यावर लेख लिहिणार आहे."

"लिहा की," फेरेती चटईवरून म्हणाला. "पण कणीक चिकट झाली की ती जे बोलते, ते नका लिहू."

पाळक मोकळेपणानं हसले. वर्गात त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी फुआतिनोच्या मनात पक्क्या बसल्या. एक, मेज प्रभूचं आहे. आपण फक्त वाढपी, आणि वाढप्यानं पाहुण्याला जात विचारू नये तसं त्याचं प्रगतिपुस्तकही विचारू नये. आणि दुसरी, तहानलेल्याला दिलेला एक पेला पाणी ही रविवारच्या उपासनेइतकीच उपासना आहे. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. तिचेही आले होते.

मग फेरेतीच्या साखरेच्या दुखण्यानं उचल खाल्ली. डावा पाय गुडघ्याखाली कापला. मूत्रपिंडं निकामी झाली. राजधानीतल्या, आपियाच्या, मोठ्या डॉक्टरांनी थोरल्या मुलीला, पेपेला, बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. घरी आणल्यावर फेरेतीनं आवडीचं काही मागितलं नाही. तीन दिवस तो छपराकडे बघत पडून होता. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं फुआतिनोला जवळ बोलावलं.

"मला तो पाव हवाय."

"आत्ताच काढलाय. लोणी लावून देते."

"हा नाही. तो. मेजावरचा."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बापाच्या शेजारी बसून पहिल्यांदा घेतला. बाहेर आल्यावर बाप म्हणाला, आता तू माझ्या पंगतीला बसलास. आता बापापुढे जायचंय, फुआ. कसा जाऊ? एकतीस वर्षं पंगतीतून उठवलेला माणूस म्हणून जाऊ?"

"मी आणते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण आपण काय कबूल केलं ते तिला कळत होतं.

ती तशीच, हाताला पीठ लागलेलं, पाळकांच्या घरी गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. भरून यायला त्यांना वेळ लागत नसे.

"मेज प्रभूचं आहे, असं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली.

"म्हणालो. आणि तेच खरं आहे." ते उठून येरझाऱ्या घालू लागले. "फक्त डीकन मंडळींशी बोलावं लागेल. शेवटी मी पाहुणा पाळक. घर त्यांनी दिलेलं, ताट त्यांनी वाढलेलं."

मंगळवारी डीकनांची बैठक झाली. फुआतिनोला पाळकांच्या ओसरीवर बोलावण्यात आलं. वागाना मधोमध मांडी घालून बसला होता. पाळक त्याच्या डाव्या हाताला, मान खाली.

"मार्ग आहे, फुआतिनो," वागाना म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तो मऊ झाला की गावातली माणसं सावध होत. "आम्ही काही दगडाचे नाही. फेरेतीला घ्यायला आमची हरकत नाही. पण पापात राहून पंगतीत बसता येत नाही. तू त्याचं घर सोड. भावाकडे राहा. एरवी तीन महिने लागतात. तो आजारी आहे म्हणून एकच महिना धरू. महिनाभर तुम्ही एका छपराखाली दिसला नाहीत, की पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब स्वतः घरी जाऊन त्याला देतील."

"तो उठून बसू शकत नाही," ती म्हणाली. "त्याचं हगणंमुतणं मी करते. यात कसलं पाप होतंय ते तरी सांगा."

"पेपे आहे ना करायला."

"पाळकसाहेब?"

एलिसारांनी मान वर केली. "फुआतिनोबाई, एक महिना आहे. फक्त एक महिना. याला आपण... प्रेमाचा त्याग समजूया."

मनात आलं तेवढं बोलली असती तर वागानाची ओसरीवर बसायची सोय राहिली नसती. पण फेरेतीला शब्द दिला होता. तिनं जीभ आवरली आणि उठली.

फेरेतीनं ऐकलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. "भाडखाऊ लेकाचे! तू गेलीस तर मी तो पाव घेऊन करू काय? राहू दे. नको मला."

"आता नको म्हणू नकोस. मी हो म्हणून आलेय."

"मला विचारलंस?"

"तू मला विचारून मागितलास का?"

त्याच दुपारी ती उशी आणि दोन जोडी कपडे घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे राहायला गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चार मुलांची आई, सासर सोडून आलेल्या पोरीसारखी. भावजयीनं जागा दिली आणि तोंडही वाकडं केलं.

एकच सवलत होती. भट्टी फेरेतीच्या अंगणात होती आणि गावाला पाव तर हवाच होता. म्हणून तिनं अंगणात यावं, पण घराची पायरी चढू नये, असं ठरलं. घराला भिंती नव्हत्याच, नुसते खांब. ती आली की पेपे झावळ्यांचे पडदे खाली सोडायची. पडद्याच्या एका बाजूला तो पडलेला, दुसऱ्या बाजूला ती लाकडं फोडत असलेली. एकतीस वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं त्या महिन्यात ती दोघं पडद्यातून बोलली.

"आज मीठ कमी टाकलंस."

"वासावरून मीठ कळतं का?"

"कणकेवरच्या तुझ्या फटक्यावरून कळतं. चिडलेली असलीस की मीठ विसरतेस."

दिवसेंदिवस त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या आठवड्यात तर तिला काम थांबवून, श्वास धरून ऐकावं लागे. ती दिवस मोजायची, आणि देवाला सांगायची, तेवढा रविवार गाठू दे. एवढा एकच.

शनिवार उजाडला. तिनं मेजाचा पाव भाजला, कडा काढल्या, तुकडे पाडायला घेतले. त्यातला एक तुकडा फेरेतीचा, हे आज पहिल्यांदाच खरं होतं. तिचा हात हलका पडत होता. पेपे चादरी घेऊन ओढ्यावर गेली होती.

"फुआ." पडद्यामागून आवाज आला. "पाणी."

"पेपे येईल आत्ता."

तिनं आणखी दोन तुकडे पाडले. मग घसा कोरडा पडलेल्या माणसाचा खरखर आवाज. "फुआ, पाणी दे गं."

तिनं रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिला भीती वाटली. ती देवाची नव्हती, वागानाची होती, आणि त्याची तिला स्वतःचीच लाज वाटली. तिला तो बुधवार आठवला, पाळकांचे भरलेले डोळे, एक पेला पाणी. ही पण उपासनाच, ते म्हणाले होते. तिनं पेला भरला आणि पडद्याखालून आत सरकवला. त्याच्या हाताला तो उचलवेना. पाणी चटईवर सांडलं. मग मात्र तिनं पडदा वर केला, गुडघ्यांवर आत गेली, त्याची मान हातावर घेतली आणि पेला तोंडाला लावला. तो घोटघोट प्यायला. त्याचे गाल बसले होते. महिनाभरात तिनं त्याचा चेहरा पाहिला नव्हता.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"अंगणात मारेता उभीय," ती म्हणाली.

मारेता तुकडे न्यायला आली होती. तिनं फडक्याची गाठ नीट मारली, बोचकं उचललं आणि जाता जाता म्हणाली, "अगंबाई, वास किती छान येतोय आज!"

रविवारी वागाना खाकरला तेव्हा फुआतिनो उठून नीरफणसाखाली येऊन बसली, एकटी. पाळक तबक घेऊन बाहेर येतील, तिच्यासमोरून जातील, आणि ती त्यांच्यामागून अंतर ठेवून चालत जाईल. अंगणात उभी राहून पडद्यातून ऐकेल. यापलीकडे तिला काही नको होतं.

पाळक आले. हातात पवित्र शास्त्र होतं, तबक नव्हतं.

"फुआतिनोबाई, आज सकाळी डीकन मंडळी भेटली. कालचं... तुम्ही आत गेला होतात."

"पाणी द्यायला."

"मला माहीतेय हो. मी त्यांना सांगितलं. पण अट ती अट. महिना पुन्हा पहिल्यापासून धरायचा म्हणतात."

"त्याच्याकडे महिना नाही. आठवडासुद्धा नाही."

"देव वेळ देईल."

"एक पेला पाणी म्हणजे उपासना, असं कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते?"

एलिसारांच्या कपाळावर घाम आला. "ते बरोबरच आहे. पण वर्गातली गोष्ट व्यवहारात उतरायला वेळ लागतो. मंडळीला बरोबर घेऊन चालावं लागतं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. शिव्या देण्यासारखाही चेहरा नव्हता तो. कुणीतरी रागावलेल्या शाळकरी पोरासारखा झाला होता. तेवढ्यात चर्चच्या बाजूच्या दारातून मारेता वाडगं घेऊन निघाली. पाळकांच्या परसात गेली आणि नेहमीसारखं तिनं ते ओतलं.

फुआतिनो उठली. पांढऱ्या कपड्यांनिशी, डोक्यावर रविवारची टोपी, ती कोंबड्यांत शिरली. तांबड्या कोंबड्याला तिनं लाथ घातली; तो ओरडत कुंपणावर गेला. ती मातीत गुडघे टेकून बसली आणि आपल्याच हातानं कापलेले तुकडे वेचू लागली. एकाला माती लागली होती, एकाला चोच. दोन चांगले सापडले. ती उभी राहिली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर सगळी मंडळी उभी होती, यादीतली नव्वद आणि बाकीची. वागानानं काहीतरी मोठ्यानं म्हटलं. तिनं ऐकलं नाही. भर रस्त्यानं ती फेरेतीच्या घरी गेली, पडदे वर केले, सगळेच्या सगळे, आणि पायरी चढून त्याच्यापाशी बसली.

"आणलास?" त्यानं विचारलं.

"आणला."

"पाळक कुठेत?"

खोटं बोलता आलं असतं. पण मरणाऱ्या माणसाला आणि त्यातून या माणसाला खोटं सांगणं तिला जमलं नाही. "नाही आले. हा कोंबड्यांपुढचा आहे. पण मेजावरचाच."

फेरेतीनं डोळे मिटले. तिला वाटलं, आता हा रडणार. त्याचे ओठ हलले.

"मग आज," तो म्हणाला, "कोंबड्या काय खातील?"

तिनं एक तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला आणि दुसरा आपल्या. एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा. तिला वाटलं होतं काही वेगळं लागेल. तिचाच पाव होता तो, थोडा कोरडा पडलेला. फेरेती किती तरी वेळ चघळत राहिला. गिळला की नाही, ते तिला कळलं नाही. तिनं त्याची मान मांडीवर घेतली आणि नंतर कुणी बोलवायला आलं तरी उठली नाही.

गुरुवारी तो गेला. यादीत नव्हता म्हणून चर्चमध्ये नेला नाही. घरापुढेच पुरला. पाळकांनी प्रार्थना केली आणि ती चांगली होती.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, एलिसारा भट्टीपाशी आले. ऊन कडक होतं, भट्टीची धग वेगळी. ते उत्साहात होते. चांगली बातमी आणली की माणसाची चाल बदलते, तशी त्यांची बदलली होती.

"फुआतिनोबाई, डीकन मंडळी एकमतानं हो म्हणाली! उद्याच्या रविवारी तुम्हाला यादीत घेणार. आता काही अडचणच राहिली नाही ना. वागाना स्वतः म्हणाले."

फुआतिनोनं पाव बाहेर ओढला आणि फळीवर ठेवला. "कसली अडचण राहिली नाही?"

एलिसारांना काय बोलून गेलो ते कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"माझ्याकडून काय लागतं?" तिनं विचारलं.

"काही नाही. उभं राहून फक्त म्हणायचं, की मागच्याचा पश्चात्ताप झालाय."

"झालाय मला पश्चात्ताप," ती म्हणाली. "तुमचं ऐकून महिनाभर त्याला एकट्याला टाकलं, त्याचा झालाय. आयुष्यभर पुरेल एवढा झालाय. तो उभी राहून सांगू? चालेल?"

तिनं फळीवरचं पीठ झटकलं.

"आणि मेजाच्या पावाचं म्हणाल, तर दुकानात डब्यातली बिस्किटं मिळतात. त्यांना यादीबिदी काही विचारावी लागत नाही."

ती पुन्हा भट्टीकडे वळली. एलिसारा गेले नाहीत, तिथल्याच एका ओंडक्यावर बसले. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते. त्यांनी दोनदा आवंढा गिळला. फुआतिनोनं ते पाहिलं. तिनं रांजणातून पेला भरला, तोच पेला, आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्याकडे याला महिना लागत नाही."

त्यांनी पेला घेतला. तिची पावाची चौथी खेप भाजून झाली, तरी ते तो भरलेला पेला हातात धरूनच बसले होते.